झाडूचाही मान असावा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, सप्ताहाच्या सहाव्या दिवशी दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तिथे तशीच ठेवली आहे. — संपादक मंडळ)





मी कीर्तनकार नाही. अभंगाचा अर्थ सोडवून सांगायचा माझा अधिकार नाही. आपल्या दिंडीत माझ्याकडं पहिल्यापासून एकच काम, सामानाच्या गाडीचं. आधी बैलगाडी होती, मग ट्रॅक्टर आला, आता ट्रक आहे. पीठ किती लागलं, डाळ किती उरली, तंबूच्या खुंट्या परत आल्या का, एवढंच मला कळतं. त्यामुळं अध्यक्षांनी जेव्हा विचारलं, "शंभर वर्षांच्या सोहळ्यात तुम्ही कशावर बोलणार?" तेव्हा मी म्हणालो, "कचऱ्यावर बोलतो." ते हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. चेष्टा नाही माउली. गाडीवाल्याला दिंडीची मागची बाजू दिसते. तुम्ही सगळे पुढं निघून गेल्यावर मुक्कामाच्या रानात काय उरतं, ते मी इतकी वर्षं बघत आलोय.

शंभर वर्षांपूर्वी आपली माणसं तेरच्या पंचक्रोशीतून निघाली तेव्हा हा निजामाचा मुलूख होता. खिशात हाली शिक्का. येडशी ओलांडून, रामलिंगच्या घाटानं खाली उतरून बार्शीकडं गेलं की इंग्रजाचा मुलूख, तिथं कलदार चालायचा. आमचे आजोबा सांगायचे, त्या काळी वारीत सगळ्यात मोठं भय चोराचं नव्हतं, पटकीचं होतं. पाणी नासलं की पटकी यायची आणि वाटेतच माणसं जायची. पुढं तर पंढरीला जायचं म्हटलं की पटकीची सुई टोचून घ्यावी लागायची. म्हणजे वारीची स्वच्छता हा काही आजच्या सरकारी अभियानाचा विषय नाही. तो पहिल्यापासून जिवाचा विषय आहे.

त्या दिंडीच्या गाडीत काय असायचं? घोंगड्या, पितळी, तांबे, पिठाच्या गोण्या, मिठाची मडकी. जेवायला पळसाच्या पानाच्या पत्रावळी. उन्हाळ्यात घरोघरी बायका-पोरं पळसाची पानं चोयांनी टाचून गठ्ठे बांधून ठेवायची. पंगत उठली की पत्रावळी जनावरं खायची, उरल्या तर रानात कुजायच्या. पावसाला इरलं किंवा घोंगडी. दिंडी गेल्यावर मागं तीन चुली, थोडी राख आणि बैलांचं शेण राहायचं, आणि शेतकरी त्या शेणासाठीच म्हणायचा, "महाराज, औंदा आमच्या रानात उतरा."

आता तोच शेतकरी काय म्हणतो ते सांगतो.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बार्शीच्या अलीकडं आपला एक मुक्काम असतो. गावाचं नाव घेत नाही, घराचंही नाही. त्या घराण्यानं तीन पिढ्या आपल्याला जागा दिली, दूध दिलं, आजाऱ्याला ओसरी दिली. त्या वर्षी मी नेहमीप्रमाणं पंधरा दिवस आधी जागा सांगायला गेलो. मालकांनी पाणी दिलं, चहा दिला, सगळं दिलं. आणि मग खाली बघत म्हणाले, "बापू, राग मानू नका. औंदा दुसरीकडं बघा."

मी विचारलं, "काय चुकलं का आमचं?"

ते मला गोठ्यात घेऊन गेले. एक दावण रिकामी होती. म्हणाले, "गाय गेली. पोट फुगलं हुतं. डॉक्टरनं पोट उघडलं तर आतनं पिशव्यांचा गोळा निघाला, एवढा." हाताचे दोन पंजे जोडून त्यांनी दाखवलं. "त्या तुमच्याच हुत्या असं मी म्हणत न्हाई. पिशवीवर काय नाव लिवल्यालं नसतंय. पण तुम्ही गेल्यावर आठ दिस आमी रान येचत असतो बापू. पाळी घालायला गेलं की वखराला प्लास्टिक गुंडाळतंय. माझ्या म्हातारीचा जीव त्या गाईत हुता. तिला कसं सांगू, दिंडीला जागा देतो म्हणून?"

माउली, तीन पिढ्यांचा संबंध होता. मी उठलो आणि त्यांच्या पाया पडलो. ते मागं सरले, म्हणाले, "आसं करू नका, तुम्ही वारकरी." त्या 'वारकरी' शब्दाची मला त्या दिवशी जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. कारण थर्माकोलच्या पत्रावळी कोणी आणल्या होत्या? मीच. बार्शीच्या बाजारात स्वस्त मिळाल्या, वजनाला हलक्या, धुवायची कटकट नाही. त्या वर्षी हिशोबात मी चार पैसे वाचवले म्हणून सभेत माझं कौतुकही झालं होतं.

घरी येऊन मी वहीवर आकडा मांडला. आपल्या दिंडीत २५० माणसं. सात दिवसांची वाट. दिवसातून दोन पंगती. म्हणजे ३,५०० पत्रावळी. सकाळ-संध्याकाळ चहा धरला तर तेवढेच ३,५०० कप. द्रोण वेगळे, पाण्याचे ग्लास वेगळे. ही एका लहान दिंडीची गोष्ट. एकेका मोठ्या पालखीबरोबर शेकडो दिंड्या असतात, आणि आषाढीला पंढरीत लाखांनी माणूस जमतो. आपल्या जिल्ह्यातूनच शेगावच्या गजानन महाराजांची पालखी तुळजापूरवरून सोलापूरकडं जाते, पैठणच्या नाथांची पालखी परंड्याकडून जाते. आपण तेवढा आकडा करून बघा. मला तर वही मिटावी लागली.

आता वारीच्या कचऱ्याची एक वेगळी अडचण आहे, ती समजून घेतली पाहिजे. जत्रेचा कचरा एका जागी पडतो. वारी चालती आहे. ती रोज नवीन गावाला कचरा देऊन पुढं जाते. दोन हजार वस्तीचं गाव, ग्रामपंचायतीचा एक शिपाई, घंटागाडी असली तर असली. एका रात्रीत त्या गावात महिन्याचा कचरा पडतो. ते बिचारे काय करणार? ढीग करून काडी लावतात. प्लास्टिकचा तो काळा धूर त्यांच्याच लेकरांच्या छातीत जातो. आणि आपण तोवर पुढच्या मुक्कामी हरिपाठ म्हणत असतो.

यात सगळ्यात नाजूक जागा आहे रामलिंगच्या घाटाची. आपल्या वाटेवरचा डोंगर तो एवढाच. येडशीच्या पुढं बालाघाट खाली उतरतो, ते येडशी-रामलिंग घाटाचं अभयारण्य आहे. खाली दरीत रामलिंगाचं मंदिर, पावसाळ्यात ओढा भरून वाहतो. जटायू तिथंच पडला आणि रामानं त्याला पाणी पाजलं, असं आपल्याकडं सांगतात. तिथं आपण दुपारचा विसावा घेतो. माकडं येतात, आपण केळी देतो, बिस्किटाचा पुडा पुढं करतो. माकड पुडा फाडतं, बिस्किट खातं, आणि पुडा चाटून दरीत टाकतं. ते माकड आहे. आपणही तेच करतो, चाटत नाही एवढाच फरक.

आणि हा बालाघाट म्हणजे पाणलोटाचा माथा आहे हे आपण विसरतो. याच्या एका अंगाचं पाणी तेरणेला, तेरणेतून मांजरेला आणि पुढं गोदावरीला जातं. दुसऱ्या अंगाचं पाणी सीनेला मिळतं आणि सीना भीमेला. म्हणजे डोंगरावर फेकलेला एक कागद वाऱ्यानं कुठल्या बाजूला जाईल त्यावर ठरणार, तो गोदामाईच्या पदरात पडायचा की भीमेच्या. चंद्रभागा स्वच्छ करा म्हणून आपण पंढरीत घोषणा देतो. पण नदीची सुरुवात वाळवंटात होत नाही, माथ्यावर होते.

आपल्यातले काही जण केदारनाथला जाऊन आले, मीही त्यात होतो. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर. गौरीकुंडापासून सोळा-सतरा किलोमीटरची चढण. थंडी इतकी की तिथं केळीची साल टाकली तरी लवकर कुजत नाही, मग प्लास्टिकचं काय बोलावं. माती पातळ, पाऊस मोठा, २०१३ साली त्या खोऱ्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं वर गेलेली प्रत्येक वस्तू खाली आणायची तर माणसाच्या पाठीवर नाहीतर खेचराच्या पाठीवर. मग तिथल्या प्रशासनानं २०२२ साली एक युक्ती केली. पाण्याच्या बाटलीवर एक चिठ्ठी चिकटवायची, बाटली घेताना दहा रुपये अनामत जास्तीचे द्यायचे, आणि रिकामी बाटली परत केली की दहा रुपये परत. मी स्वतः बघितलं, ज्यानं टाकली त्यानं नाही उचलली तर दुसरा कोणीतरी उचलतो, कारण आता तो कचरा नाही, दहा रुपये आहेत.

मला त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, जे वर नेलं ते खाली आणायची जबाबदारी नेणाऱ्याची. दुसरी, नुसत्या पाट्या लावून माणूस सुधारत नाही, व्यवस्था लावावी लागते. आपला रामलिंगचा डोंगर हिमालयापुढं टेकडी आहे, पण नियम तोच लागू.

त्या गाईच्या गोष्टीनंतर आपण दिंडीत काय काय केलं, काय जमलं आणि काय नाही, ते आता हिशोबासारखं सांगतो.

पहिलं ताटाचं. ठराव केला की प्रत्येकानं आपलं ताट, वाटी, तांब्या घरून आणायचा. पहिल्या वर्षी पार फजिती झाली. चाळीस-पन्नास जण ताट विसरले, आणि आठवण असूनही न आणणारे तेवढेच. मग बायकांनी पंगतीत उठून मला विचारलं, "बापू, पत्रावळ बंद केलीत, बरं केलंत. पण अडीचशे ताटं घासायची कोणी? दिवसभर चालायचं आम्ही पण, आणि रातच्याला भांडी पण आम्हीच?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. थर्माकोल सोयीचं वाटायचं ते कोणाच्या तरी कंबरेचं दुखणं वाचतं म्हणून, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या वर्षापासून नियम बदलला: ज्याचं ताट त्यानं घासायचं. महाराजांनी स्वतःचं ताट स्वतः घासायला घेतलं त्या संध्याकाळी भांडण मिटलं. त्याआधी मी कितीही बोललो तरी मिटत नव्हतं.

दुसरी अडचण पाण्याची. आपण मराठवाड्याची माणसं, पाण्याची किंमत आपल्याला सांगायला नको. पाऊस लांबला तर मुक्कामाच्या गावात टँकर चालू असतो, आणि आपण त्यांच्या पाण्यानं ताटं धुणार? यावर म्हाताऱ्यांनीच तोड काढली. आधी ताट राखेनं नाहीतर कोरड्या भुश्शानं पुसायचं. मग एका टोपात बुचकळायचं, मग दुसऱ्यात. नळ सोडून धुवायचं नाही. एका पंगतीला एक पिंप, दोनशे लिटर, पुरतं. ते पाणीही रानात झाडाच्या बुडाशी.

तिसरं, कागदी कप. पुष्कळांना वाटतं, कागद आहे, कुजेल. नाही माउली. त्या कपाच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर त्यात चहा गळत नाही. चंदेरी पत्रावळीचंही तेच. आपल्या राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून सगळ्या देशात एकदा वापरून टाकायच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. पण बाजारात वस्तू मिळतेच, आणि कायदा मुक्कामाच्या रानापर्यंत येत नाही. तिथं आपणच आपले चोपदार.

चौथी गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. वाटेवरचा निम्म्याहून जास्त कचरा आपण बरोबर आणलेला नसतो. तो दात्यांनी दिलेला असतो. भाविक माणूस रस्त्यात उभा राहतो, प्रेमानं पाण्याच्या बाटल्या देतो, बिस्किटाचे पुडे देतो, प्लास्टिकच्या पिशवीत राजगिऱ्याचा लाडू देतो, डोक्यावर घ्यायला प्लास्टिकचा कागद देतो. नाही म्हणावं तर अन्नदानाचा अपमान. हो म्हणावं तर शंभर पावलांवर रिकाम्या बाटल्यांचा सडा. भक्तीतून आलेला कचराही शेवटी कचराच. यावर आम्ही एकच केलं. ज्येष्ठातच जाऊन नेहमीच्या दात्यांना भेटायला लागलो. हात जोडून सांगितलं, "तुमचं अन्न आम्हाला पाहिजे, वेष्टन नको. बाटल्यांऐवजी पाण्याची टाकी उभी करा, आमच्याकडं तांबे आहेत. पुड्यांऐवजी पोहे करा, चिवडा करा, पातेल्यातून वाढा." एक-दोघं रागावले. एका शेठजींनी तर वर्षभर बोलणं सोडलं. पण पुढच्या वर्षी त्यांनीच नळाची टाकी लावली आणि जवळ उभं राहून स्वतः तांबे भरून दिले. मला म्हणाले, "बाटली वाटताना माणसाचा चेहरा दिसत नव्हता हो, गाडी गाठायची घाई असायची. आता दोन शब्द तरी बोलता येतात."

पाचवं, जे उरतं त्याचं. ट्रकच्या मागं आता तीन गोण्या टांगलेल्या असतात. एकीत बाटल्या, डबे, पत्रा. ते बार्शीत भंगारवाल्याला जातं. दुसरीत पिशव्या, पुडे, फाटक्या चपला, फाटके प्लास्टिकचे कागद. ते नगरपालिकेच्या गाडीत आम्ही स्वतः नेऊन टाकतो, मुक्कामाच्या गावात सोडत नाही. तिसरी लहान झाकणाची पेटी आहे, ती बायकांच्या पाळीच्या दिवसांतल्या पॅडसाठी. ती पेटी एका शिक्षिका ताईंनी सुचवली. इतकी वर्षं त्या बायका ते कुठं टाकत असतील, कशा लपवत असतील, असा विचार आमच्या एकाही पुरुषाच्या मनात आला नव्हता. ओला कचरा, सालं, उष्टं, मालकाला विचारून बांधाच्या कडेला खड्डा काढून मातीखाली.

सहावं शौचाचं. २०१५ पासून निर्मल वारीचं काम मोठ्या पालखी मार्गांवर सुरू झालं. फिरती शौचालयं आली, तरुण पोरं शिट्ट्या वाजवत पहाटे उभी राहतात. मोठ्या पालख्यांना त्याचा फार उपयोग झाला. आपल्यासारख्या आडवाटेच्या लहान दिंडीपर्यंत ती सोय पुरी येत नाही. म्हणून आपण गावच्या शाळेची, ग्रामपंचायतीची शौचालयं आधी ठरवतो, आणि निघताना ती धुऊन देतो. 'धुऊन देतो' हा शब्द लक्षात ठेवा. त्यावरच शेवटचं बोलायचं आहे.

न जमलेलंही सांगतो, नाहीतर हा हिशोब खोटा होईल. तंबाखूच्या पुड्या. गळ्यात तुळशीची माळ, ओठावर नाम, आणि त्याच ओठाखाली विडा. पुडी कुठं, तर वाटेवर. मी गोण्या उचकटून बघितल्या आहेत, बायकांच्या बाजूच्या आणि पुरुषांच्या बाजूच्या. कोणाला राग येवो, पुड्यांच्या बाबतीत आपण पुरुष नापास आहोत. चंची वापरा, डबी वापरा, नाहीतर सोडून द्या. पंढरीनाथाच्या पायाशी सोडायला याहून चांगली वस्तू कोणती?

तेरला गेलात तर रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय जरूर बघा. तगर नावाचं मोठं व्यापारी नगर होतं ते, रोमपर्यंत व्यापार चालायचा. तिथं दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापऱ्या, मातीच्या मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. गोरोबाकाकांच्या गावात मातीचीच श्रीमंती. मी तिथं उभा राहून विचार करत होतो, खापरीही दोन हजार वर्षं टिकली, पण तिनं कोणाच्या गाईचा जीव घेतला नाही, रान नासवलं नाही. मातीतून आली, मातीत राहिली. उद्या दोन हजार वर्षांनी कोणी आपल्या वारीची वाट उकरली तर वारकऱ्यांचा थर म्हणून काय निघेल? टाळ निघतील की बाटल्यांची बुचं?

आता शेवटचं, आणि माझ्या मनातलं मुख्य.

पंढरपुरात वारी झाल्यावर वाळवंटात, गल्लीबोळांत जी घाण व्हायची ती वर्षानुवर्षं कोणी उचलली? आपण द्वादशीचं पारणं सोडून घरी यायचो, आणि मागं सफाई कामगार हातानं मैला उचलायचे. १९९३ मध्ये कायद्यानं त्याला बंदी आली, २०१३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. तरी वारीच्या घाणीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, वाळवंटातल्या तंबूंवर निर्बंध आले, आणि नदीपलीकडं ६५ एकरांत मुक्कामाची सोय झाली. तेव्हा आपल्यातले किती जण चिडले होते, आठवतं? "वाळवंट आमचं, आम्हाला कोण अडवणार?" मीही चिडलो होतो. पण एकानंही असं विचारलं नाही की वाळवंट आमचं, तर वाळवंटातली घाण कोणाची?

नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून ते गेले. त्यांना जिवंतपणी देवळात जागा मिळाली नाही. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरीत प्राण पणाला लावून उपोषण केलं तेव्हा ते दार सगळ्यांना उघडलं. गाडगेबाबा तर कीर्तनाच्या आधी दिवसभर गाव झाडायचे आणि मग संध्याकाळी बोलायला उभे राहायचे. पंढरीत त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ही सगळी नावं आपण कीर्तनात घेतो. आणि आपल्या दिंडीत काय चाललंय?

सांगतो. आपल्या गावच्या खालच्या वस्तीवरचे दोघे भाऊ पंचवीस वर्षांपासून दिंडीत येतात. नावं घेत नाही, ते इथं मांडवात बसले आहेत आणि त्यांना ते आवडणार नाही. पहाटे काकडा झाला की दिंडी निघते, आणि ते दोघे मागं थांबतात. रान झाडतात, शौचालयं धुतात, गोण्या भरतात, आणि मग दोन तास उशिरा पळत पळत आपल्याला गाठतात. सकाळची वाटचालीची भजनं पंचवीस वर्षांत त्यांनी ऐकलेली नाहीत. त्यांना कोणी हे काम सांगितलं? कोणीच नाही. सभेत ठराव नाही, वहीत नोंद नाही. ते त्यांनीच करायचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलं, त्यांनीही धरलं. आणि मी, सामानाचा माणूस, रोज त्यांच्या हातात झाडू देत आलो. स्वच्छतेचे एवढे नियम केले, पण स्वच्छता कोणाच्या हातानं होते हे मी वहीत कधी लिहिलं नाही. गाईच्या गोष्टीची मला लाज वाटली, ती चारचौघांत सांगितली. ही त्याहून मोठी आहे.

दिंडीत प्रत्येक गोष्टीला मान आहे. विण्याचा मान, पताकेचा मान, तुळशीच्या वृंदावनाचा मान, चोपदाराचा मान. घराणी पिढ्यान्‌पिढ्या ते मान सांभाळतात, त्यासाठी भांडतात सुद्धा. मग झाडूचा मान का नाही?

म्हणून या शताब्दीच्या मांडवात माझी तीन मागणी आहेत, आणि ती मी भाषणात सोडून देणार नाही, सभेत ठराव म्हणून मांडणार आहे.

पहिली: दर मुक्कामी निघताना सहा जण मागं राहतील. चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठीत अध्यक्षांचं नाव असेल, महाराजांचं असेल, माझं असेल, पुरुषांचं असेल, बायकांचं असेल. कुठल्याही एका वस्तीचं नसेल. ते सहा जण सगळ्यात शेवटी निघतील, आणि त्या दिवशी पुढच्या मुक्कामी हरिपाठाला पहिल्या रांगेत त्यांची जागा.

दुसरी: निघण्याआधी शेताच्या मालकाला बरोबर घेऊन बांधापासून बांधापर्यंत एक फेरी मारायची. त्यांनी "बरं झालं" म्हटल्याशिवाय ट्रक हलणार नाही.

तिसरी: या सोहळ्याची स्मरणिका निघणार आहे. त्यात शंभर वर्षांच्या मानकऱ्यांची यादी छापली जाईल. त्या यादीत, विणेकऱ्यांच्या नावाखाली, झाडूचे मानकरी म्हणून त्या दोघा भावांची नावं छापा. ते नको म्हणतील. त्यांची समजूत मी घालतो. आणि त्या पहाटे त्यांना सांगा, आज तुम्ही दिंडीबरोबर निघा. काकड्यानंतर पहिली वाटचाल टाळ घेऊन चाला. मागचं आम्ही बघतो.

बार्शीच्या अलीकडच्या त्या मालकांकडं मी दोन वर्षांपूर्वी परत गेलो होतो. म्हातारी आई अजून आहेत. गोठ्यात नवीन कालवड आहे. मी जागा मागायला गेलो नव्हतो, नुसता नमस्कार करायला गेलो होतो. म्हातारीनं विचारलं, "दिंडी कवा हाय औंदा?" मी तिथी सांगितली. त्या म्हणाल्या, "जाताना दारावरनं जावा. थांबू नगा, पर जावा दारावरनं."

जागा अजून मिळालेली नाही. दारावरून जातो. मला वाटतं, आपण नीट वागलो तर एखाद्या वर्षी त्या म्हणतील, "थांबा." तोवर चिठ्ठीत माझं नाव निघो न निघो, त्यांच्या दारापुढचा रस्ता मी झाडून जाईन.